पंचेचाळीसच्या पुढची थरथर

"चाळीस," बर्वेबाई म्हणाल्या.

मी मागच्या सीटसमोरची चटई गुंडाळून गाडीच्या तळावर आडवा पडलो होतो. उजवा कान पत्र्याला लावलेला. पुढे बाईंच्या शेजारी माझे सासरे ज्ञानू मिस्त्री डोळे मिटून बसले होते. गाडी बाईच चालवत होत्या.

"बेचाळीस. पंचेचाळीस."

आणि ती आली. आधी कानात घुमल्यासारखं झालं, रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसं. मग सगळा पत्रा थरथरायला लागला. माझे दात एकमेकांवर वाजू लागले. आरशात मागचा ट्रक दुहेरी दिसत होता, असं बाईंनी नंतर सांगितलं.

"गिअर काढा बाई," मी खालूनच म्हणालो. "न्यूट्रल करा आन् गाडी आपसूक जाऊ द्या."

बाईंनी तसं केलं. इंजिन शांत झालं. थरथर तशीच. काटा चाळीसच्या खाली उतरला तेव्हा कुठे ती गेली, आली होती तशीच, अचानक.

मी उठून बसलो. "म्हणजे इंजिनाचा दोष न्हाई."

"चाकं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "नव्या टायरीत खोट हाय."

ही शहाण्णव सालची गोष्ट. कराडच्या अलीकडे हायवेला लागून मामांचं गॅरेज होतं. चाळीस वर्षं मामा त्या जागेवर होते. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत जुन्या गाड्या बाळगणारी जी काही माणसं होती, त्यांचा विश्वास एका ज्ञानू मिस्त्रीवर. बॉनेट न उघडता, नुसतं पाच मिनिटं शेजारी बसून ते आजार सांगत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि मग त्यांनी आपल्या मुलीचा, शालनचा, हात माझ्या हातात दिला. तेव्हापासून गॅरेजात मला हिंदुराव कुणी म्हणेना. मामा "पाव्हणं" म्हणायचे, म्हणून सगळं गॅरेज पाव्हणं म्हणायचं. गावात मागून काय म्हणायचे तेही मला माहीत होतं. मिस्त्रीचा मुलगा संपत नोकरीला पिंपरीत, तेव्हा जावयानं गॅरेजवर डोळा ठेवूनच पोरगी केली.

बर्वेबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शालनला त्यांनी गणित शिकवलेलं. ती छप्पन सालची मोठी विलायती गाडी त्यांच्या सासऱ्यांनी घेतली होती. घरातले पुरुष एकेक करून गेले, पण बाईंनी गाडी विकली नाही. त्या स्वतः चालवायला शिकल्या. वेगाचा काटा मैलांचा होता, म्हणून बाई मैलच बोलायच्या. त्यांची थोरली बहीण कमलताई धारवाडला अंथरुणाला खिळली होती. तिला एकदा गाडीत घालून, लहानपणी दोघी जिथं राहायच्या तो वाडा दाखवून आणायचा, असं बाईंनी तिला कळवून टाकलं होतं. त्यासाठीच गाडीला नवी टायरं घातली, आणि त्याच आठवड्यात शाफ्टचे झिजलेले जॉइंट मामांनी बदलले. आणि मग ही थरथर सुरू झाली.

एकाच वेळी दोन कामं झाली की दोष कुठल्या कामातला हे कळायला वेळ लागतो. मी चाकांपासून सुरुवात केली. कोल्हापूरला नेऊन चारी चाकं बॅलन्स करून आणली. थरथर होतीच. पुढची चाकं मागं टाकली, मागची पुढं. फरक नाही. शेवटी मागच्या एक्सलखाली लाकडी ठोकळे दिले, मागची दोन्ही चाकं काढूनच टाकली आणि गाडी जागच्या जागी गिअरमध्ये पळवली. काटा पंचेचाळीसवर गेला आणि गाडी ठोकळ्यांवर कापायला लागली.

चाक नसताना चाकाचा दोष कसा असेल?

"मामा," मी म्हणालो, "शाफ्ट एकदा उतरवून बघू का?"

मामा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "शाफ्ट मी बसवलाय, पाव्हणं."

त्यापुढं बोलायचं काय? मी ठोकळे काढले, चाकं लावली आणि दोन दिवस ब्रेकचे ड्रम, एक्सलचे बेअरिंग असं काहीबाही तपासत राहिलो. त्यात काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं.

शनिवारी मामा उंब्रजला एका साखरपुड्याला गेले. मी गाडीखाली शिरलो.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना दोन कानांचं एकेक बेचकं असतं. मध्ये त्याचे दोन भाग दातांनी एकात एक सरकतात, म्हणून जोडताना कुठल्याही दातावर जोडता येतात. पण दोन्ही बेचक्यांचे कान एका रेषेत आले पाहिजेत. नाही आले, तर हळू चालवताना कळत नाही. वेग घेतला की शाफ्ट झटके द्यायला लागतो. फार दिवस तसंच चालवलं तर तुटतो. आणि पुढचं टोक तुटून रस्त्यावर टेकलं, तर गाडी भाल्यावर उचलल्यासारखी उलटते.

गॅरेजात आलो त्या पहिल्याच आठवड्यात मामांनी हे मला शिकवलं होतं. माझा हात धरून दोन्ही टोकांवर फिरवला होता. "दोन्ही कान एका रेषेत. बाकी सगळं इसरलात तरी चालंल."

बर्वेबाईंच्या शाफ्टचे कान एका रेषेत नव्हते. तीन दात इकडेतिकडे होते.

मी बराच वेळ तसाच पाठीवर पडून राहिलो. मग मागचे चार बोल्ट काढले, दांडा सोडवला, फिरवून बरोबर दातावर बसवला. जोडावर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढला, म्हणजे पुढं कुणी उघडलं तर कसा जोडायचा हे कळावं. रविवारी एकटाच गाडी घेऊन पेठ नाक्यापर्यंत गेलो. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. गाडी लोण्यासारखी.

सोमवारी सकाळी मामांना सांगितलं, "बोल्ट जरा ढिले हुते. आवळले."

"हां," मामा म्हणाले. "तरी मी म्हणत हुतो."

म्हणत तर ते टायरं होते.

दुपारी चारला बाई आल्या. त्यांनी सोबत थर्मास आणला होता, आणि धारवाडला न्यायचा लाडवांचा डबाही. मी म्हणालो, एक फेरी मारून येऊ, मग घेऊन जा. आम्ही दोघंच निघालो.

"चाळीस," बाई म्हणाल्या. "पंचेचाळीस."

थरथर आली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघत असतील, तसं नव्हे. त्यांना माझी काळजी वाटली असावी. "हिंदुराव, तुमचा चेहरा असा का झाला?"

"काल नव्हती बाई. देवाशपथ काल नव्हती."

"मग असेल काहीतरी. कमलताईला फोन करते की दोन दिवस लागतील."

मंगळवारी सकाळी पुन्हा खाली शिरलो. पांढऱ्या पट्ट्याचे दोन तुकडे झाले होते. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, मध्ये तीन दातांचं अंतर.

शाफ्ट आपोआप फिरत नाही. तो सोडवून, ओढून, फिरवून, पुन्हा बसवावा लागतो. चार बोल्ट आणि अर्धा तास. मी पुन्हा बरोबर बसवला. तास-दीड तास हायवेवर फिरलो. लोणी. एकला गॅरेज दुपारपुरतं बंद झालं, मामा तिथंच खाटेवर आडवे झाले, मी घरी जेवायला गेलो. चारला बाई आल्या. थरथर.

बुधवारी तेच.

तोवर माझं डोकं चालेनासं झालं होतं. बोल्ट मी खरोखर काढले होते का, की नुसतं काढल्यासारखं वाटलं? पट्टा ओढला तो जोड जुळल्यावर, की आधी? रात्री ताटावर बसलो तर शालन म्हणाली, "भाकरी संपली तुमची, नुसता हात फिरवताय." मला तिला सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार होतो? तुझ्या वडलांनी शाफ्ट वाकडा बसवला? संपतच्या कानावर गेलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते मला पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर वाकडा एकदाच बसला होता, चुकून. चूक कुणाचीही होते. पण हे रोज कोण करत होतं?

गॅरेजात माणसं आम्ही तीन. मी, मामा आणि उस्मान मुलाणी. उस्मानभाई वेल्डिंगचं काम करायचे. पन्नाशीचे होते, मामांकडे बावीस वर्षं. बाईंचे जॉइंट बदलले तेव्हा ते गॅरेजात नव्हते. मुलीच्या लग्नासाठी दहा दिवस मिरजेला गेले होते. परत आल्यापासून ते माझ्याकडे चोरून बघायचे. मी गाडीखालून निघालो की नजर वळवायचे.

बुधवारी संध्याकाळी, मामा घरी गेल्यावर, मी त्यांना थांबवलं.

"उस्मानभाई, बाईंच्या गाडीला तुम्ही हात लावताय का?"

ते वेल्डिंगचा चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले. "कशाला लावू?"

"ते मला माहीत न्हाई. पण रोज दुपारी कुणीतरी शाफ्ट उघडतंय. मी न्हाई. मामा तर खाटेवर झोपलेलं असत्यात. मग राहिलं कोन?"

उस्मानभाई रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा पेटीत ठेवला, पेटीला कडी घातली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ज्याला इचारायचं त्याला इचारायची तुमची छाती न्हाई, म्हणून मला इचारताय. मी काय उद्या येत न्हाई. परवाबी न्हाई. तुमचं काय ते बघून घ्या."

सायकल काढून ते निघून गेले. चोराच्या उलट्या बोंबा, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. तेही सांगून टाकतो.

गुरुवारी सकाळी शाफ्ट बरोबर केला. एकला घरी जेवायला निघालो, पण निम्म्या वाटेतून परत फिरलो. गॅरेजच्या मागच्या बाजूला भंगाराचं कुंपण होतं, तिथून आत आलो.

मामांची खाट रिकामी होती. शालननं दिलेला डबा न उघडता तसाच होता. गाडीखालून मामांचे दोन पाय बाहेर दिसत होते, आणि पान्याचा आवाज येत होता.

मी उभाच राहिलो. पान्याचा आवाज ओळखीचा होता. मामा बोल्ट काढायचे तेव्हा पाना कधी घसरायचा नाही, एका लयीत फिरायचा. तीच लय होती.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"मी, मामा."

"जेवला न्हाईसा?"

"न्हाई."

"बरं झालं. या, धरा जरा हे टोक. एकट्याला जड जातंय आता."

मी त्यांच्या शेजारी पाठीवर आडवा झालो. शाफ्टचं टोक दोन्ही हातांनी धरलं. मामांनी दांडा ओढला, सोडवला. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"कुणीतरी रोज वाकडा करून ठेवतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी रोज सरळ करतोय. सोमवारपास्नं बघतोय. पांढरा रंगबी लावतंय कोनतरी, चुकीच्या जागी."

मग त्यांनी दोन्ही टोकांवर अंगठा फिरवला, जसा माझा हात धरून फिरवला होता तसाच, सावकाश. दांडा तीन दात फिरवला आणि आत सरकवला. "दोन्ही कान एका रेषेत," ते म्हणाले. "हां. आता बसला."

कान एका रेषेत नव्हते. मला ते दिसत होतं, आणि मी ते टोक दोन्ही हातांनी धरलेलं होतं.

पहिला विचार आला तो हाच, की म्हणावं, चुकलं मामा, मीच करत होतो, पुन्हा होणार नाही. मामा जेवायला बसले की मागं जाऊन बरोबर करावं, आणि हे असंच चालू द्यावं. शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण शुक्रवारी सकाळी शाळेच्या पोरांची ने-आण करणारी जीप ब्रेकच्या कामाला येणार होती. आणि ब्रेकचं काम मामा कुणाला करू देत नसत.

"मामा," मी म्हणालो, "शाफ्ट सगळा उतरवू. बाहेर उजेडात बघू."

"कशाला? बसला की."

"माझ्यासाठी उतरवा. मला शिकायचंय."

त्यांना ते आवडलं. आम्ही दोघांनी शाफ्ट उतरवला आणि दारातल्या उन्हात दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. मी दोन लोखंडी पट्ट्या आणल्या. एका टोकाच्या दोन कानांवर एक टेकवली, दुसऱ्या टोकाच्या कानांवर दुसरी. आणि बाजूला झालो.

एक पट्टी जमिनीला समांतर होती. दुसरी तिरकी.

मामा गुडघ्यांवर बसले. पट्ट्यांकडे पाहिलं. एक उचलली, कान पुसला, पुन्हा ठेवली. दुसरी उचलली, पुसली, ठेवली. मग एक डोळा मिटून शाफ्टच्या लांबीकडून पाहिलं.

"हा कुणी बसवलेला?"

"आत्ता आपण बसवला. तुम्ही बसवला, मी धरला."

"आत्ता?"

"व्हय."

हायवेवरून एक एसटी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत ते थांबले.

"कालचा?"

"कालचाबी. परवाचाबी."

"आन् पयला? जॉइंटचं क्रॉस घातलं तवाचा?"

"तोबी, मामा."

त्यांनी पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरचे आकडे वाचत असल्यासारखी बराच वेळ धरून बसले.

"मला वाटलं तुम्ही करताय," ते म्हणाले.

"मी?"

"दुसरं कोन करनार? उस्मान बावीस वर्सांचा माणूस. म्हनलं, पाव्हन्यांचं काईतरी बिनसलंय. हात चुकतोय, सांगायला लाजत असतील. म्हनून दुपारचा उठायचो आन् गपचिप नीट करून ठेवायचो. संपत फोनवर इचारत हुता, बाईंची गाडी अजून का जाईना. त्याला सांगितलं, टायरी. शालनला बी सांगितलं, टायरी. तुमचं नाव कुनाच्या कानावर जाऊ दिलं न्हाई." ते पट्टीकडेच बघत होते. "लेकीचा संसार हाय."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. आमच्या दोघांच्या मध्ये तो शाफ्ट होता.

थोड्या वेळानं त्यांनी पाना माझ्यापुढं सरकवला. "आता तुम्ही बसवा. मी बघतो."

मी शाफ्ट बसवला. मामा खाटेवर बसून बघत राहिले. मध्ये एकदाच म्हणाले, "जीप उद्या येईल तिचं ब्रेक तुम्हीच करा. मी बसून बघंन." आणखी थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "उस्मान कुठं हाय? सकाळपास्नं दिसला न्हाई."

मी सगळं सांगितलं. मी काय बोललो तेही आणि ते काय म्हणाले तेही.

मामांनी मान हलवली. "बाईंची गाडी करू आधी. मग चला."

चारला बाई आल्या. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न झाले. बाईंनी साठ केले आणि मग स्वतःच घाबरून पाय सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या निघाल्या. दुपारी शेजारच्या पेट्रोल पंपावर त्यांचा फोन आला, की पोचले, आणि कमलताई गाडीत बसायला तयार होत नाही, म्हणते आधी मला नवं लुगडं नेसवा. दोघी वाडा बघून आल्या. पुढं सहा महिन्यांनी कमलताई गेल्या.

मामा आणखी सात वर्षं होते. शेवटची दोन वर्षं मला ते ओळखत नव्हते. कोण पाव्हणं आलंय, असं शालनला विचारायचे. पण ते फार पुढचं झालं. त्या गुरुवारी, बाईंची गाडी गेल्यावर, आम्ही दोघं चालत उस्मानभाईंच्या घरी गेलो.

उस्मानभाई दारात बसून शेळीला पाला घालत होते. आम्हाला बघून उठले. भाभींनी आतून सतरंजी आणून टाकली. मी उभ्यानंच म्हणालो, "उस्मानभाई, माझं चुकलं." त्यांनी हातानंच बसा म्हणून खूण केली, आणि पुढं कधीही तो विषय काढला नाही.

मामा मात्र बसल्याबरोबर म्हणाले, "उस्मान, खरं सांग. माझ्या मागनं किती दिस नट आवळतोयस?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मिस्त्री, कशाला आता."

"किती दिस?"

"दीड वर्स झालं असंल. पयल्यांदा त्या डॉक्टरांच्या गाडीचं तेलाचं बूच राहिलं हुतं. मग एक एक. लगीन मिरजेला न्हवतं घ्यायला पायजे. इथं असतो तर हा शाफ्टबी कुनाला कळला नसता. परत आलो तर पाव्हणं गाडीखालनं निघतच न्हवतं. मला जागाच मिळंना."

दीड वर्ष. मी त्याच गॅरेजात होतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मामा शेळीकडे बघत होते. भाभींनी चहा आणून ठेवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मग सांगायचं हुतंस की रं मला," शेवटी ते म्हणाले. "एवढी वर्सं झाली. सांगायचं हुतंस."

उस्मानभाईंनी खांद्यावरचा पंचा काढून हात पुसले.

"सांगितलं हुतं, मिस्त्री," ते म्हणाले. "दोन डाव सांगितलं. तुम्ही इसरलात."

मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग, मला अजून ते कळलेलं नाही, पण सगळ्यात आधी मामाच हसायला लागले.